जॅकवेलचा पाया नदी कुठून खाते, आणि तो कसा राखायचा

डिसेंबरात नदीचं पाणी खाली गेलं की जॅकवेलभोवतीचा, म्हणजे नदीचं पाणी पंपानं उचलायला पात्रात बांधलेल्या विहिरीभोवतीचा, तळ सपाट दिसतो. वाळू एकसारखी पसरलेली असते, पायाची कड झाकलेली असते. पाणीपुरवठा संस्थेच्या कमिटीतलं कुणीतरी काठावरूनच सांगतं, "यंदा काय झालं नाही, पाया शाबूत हाय." 2003 च्या हिवाळ्यात हाच शेरा मी स्वतःच्या हातानं संस्थेच्या वहीत लिहिला होता. 2005 च्या पुरात ती जॅकवेल वीतभर कलली. कलली तीही खालच्या अंगाला नाही, वरच्या अंगाला, म्हणजे ज्या दिशेनं पाणी येत होतं त्याच दिशेला. गावाला याचं मोठं नवल वाटलं, कारण पाणी वस्तू ढकलतं, ओढून घेत नाही, असंच सगळे धरून चालतात. पुढं जे लिहिलंय ते त्या वीतभर कलण्यानं मला शिकवलं आहे.

मी वेदगंगेकाठची, कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातली. 1989 साली बेळगावात सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लग्न होऊन इथं आले. मामंजी आमच्या पाणीपुरवठा स्कीमचे चेअरमन होते. 300 एकर उसाचं पाणी एका तीन मीटर व्यासाच्या विहिरीवर अवलंबून, आणि ती विहीर नदीच्या वळणावर उभी. मामंजींनी पहिल्याच वर्षी मला वही आणि टेप हातात दिली. म्हणाले, "सूनबाई, तुमचं शिक्षण नदीला कळू दे." तेव्हापासून मोजमाप माझ्याकडे आहे.

पाणी खणतं कसं

ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून बघा. थोड्या वेळात पायाच्या बोटांपुढची आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंची वाळू निसटायला लागते आणि पाऊल खाली जातं. जॅकवेलच्या, पुलाच्या खांबाच्या किंवा बंधाऱ्याच्या पायाशी हेच घडतं, फक्त मोठ्या प्रमाणात.

कारण असं की नदीचं पाणी वर जोरात वाहतं आणि तळाशी हळू. वरचं जोराचं पाणी खांबावर आदळलं की तिथं दाब जास्त होतो, खाली कमी असतो, म्हणून खांबाच्या पुढच्या अंगावरून पाण्याची एक धार सरळ खाली उतरते. ती तळावर पहारीसारखी बसते, वाळू उकरते, वळते आणि खांबाला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन पुढं जाते. वरून बघितलं तर त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा. खांबाच्या मागं उभे भोवरे उठतात. पलीकडच्या कन्नड वस्तीतले लोक भोवऱ्याला 'सुळी' म्हणतात. हे भोवरे उकरलेली वाळू वर उचलून पुढं फेकतात. सगळ्यात खोल खड्डा असतो तो खांबाच्या पुढच्या नाकाशी. आमची जॅकवेल त्याच खड्ड्याकडं कलली होती.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे मोकळ्या तळावरची वाळू ज्या वेगाला हलायला लागते, त्याच्या साधारण निम्म्याच वेगाला खांबापाशी खणणं सुरू होतं. म्हणजे नदी शांत दिसत असली तरी पायाशी काम चालू असू शकतं. दुसरी गोष्ट मला फार महागात पडली: पूर चढताना खड्डा पडतो आणि पूर ओसरताना तोच खड्डा वरून आलेल्या गाळानं भरून निघतो. डिसेंबरात दिसतो तो ऑगस्टातला तळ नसतो. भरलेला गाळ भुसभुशीत असतो, तो पायाला कसलाही आधार देत नाही, आणि पुढच्या पुरात लगेच निघून जातो.

तर मग मोजायचं कधी आणि कशानं

मोजायच्या तीन पद्धती आहेत. मी तिन्ही वापरते, कारण एकीची चूक दुसरी पकडते.

पहिली सळीची. 16 एमएमची तीन मीटर लांब सळी घ्या, एका टोकाला आडवी मूठ वेल्ड करून घ्या, दुसरं टोक बोथट ठेवा. दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण. नदीचं पाणी कमी असताना, म्हणजे आमच्याकडं पाटगाव धरणातून पाणी सोडायच्या दोन पाळ्यांच्या (आवर्तनांच्या) मधल्या दिवसांत, पायाभोवती आठ ठिकाणी ही सळी हातानं दाबायची. ताजा गाळ असेल तर ती लोण्यात सुरी जावी तशी जाते. मूळ तळ लागला की हाताला कळतं: आवाज बदलतो, सळी थांबते, काढताना टोकाला घट्ट वाळूचे किंवा मुरमाचे कण दिसतात. गाळाची वरची पातळी आणि घट्ट तळाची पातळी या दोन्ही लिहायच्या. त्यांच्यातला फरक म्हणजे गेल्या पुरात पडलेला खड्डा. 2003 साली मी फक्त वरची पातळी लिहिली होती. सळी दाबली असती तर ती दीड मीटर आत गेली असती, हे मला पुढच्या मोजमापांवरून कळलं.

दुसरी साखळीची. ही मला सगळ्यात आवडते, कारण पुरात नदीजवळ जावं लागत नाही. मे महिन्यात पाणी सगळ्यात खाली असताना पायाच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून हातभर पुढं, कुंपणाचे खांब पुरायला भोक पाडतात त्या ऑगरनं दोन-अडीच मीटर खोल भोक पाडायचं. पाणी झिरपून भोक ढासळत असेल तर आत पाइप उतरवून करायचं. बैल बांधायच्या साखळीसारखी जाड साखळी खालच्या टोकाला दगड बांधून त्यात उभी सोडायची आणि तीच वाळू परत भरायची. वरचं टोक तळाच्या पातळीला. पुरात तळ जितका खाली जातो, तितकी साखळी मोकळी होते आणि पाण्याच्या दिशेनं आडवी पडते. नंतर गाळ वर बसला तरी आत साखळी वाकलेलीच राहते. हिवाळ्यात हळूच उकरून बघायचं, साखळी कुठं वळली आहे. तीच त्या वर्षीची सर्वात खोल जागा. साखळीची जागा काठावरच्या दोन पक्क्या खुणांपासून टेपनं मोजून वहीत लिहून ठेवा. आमची एक साखळी नोंद नसल्यामुळं कायमची गाळात राहिली.

तिसरी प्रत्यक्ष पुरात, जॅकवेलच्या पुलावरून किंवा रस्त्याच्या पुलावरून दोरानं. दहा किलोचं लोखंडी वजन आणि नायलॉनचा दोर. काथ्याचा दोर भिजला की त्याची लांबी बदलते, त्यावर विश्वास ठेवू नका. वजन वरच्या अंगाला सोडायचं आणि ते तळाला टेकलं की दोर ताठ करून खूण वाचायची. धारेनं दोर तिरपा होतो. तो उभ्या रेषेपासून 30 अंशांपेक्षा जास्त तिरपा झाला तर ते माप वहीत घेऊ नका, वजन वाढवा. महत्त्वाचं माप पूर चढल्यावरचं नव्हे, पूर ओसरायला लागल्याच्या पहिल्या काही तासांतलं, कारण खड्डा तेव्हा सगळ्यात खोल असतो आणि भरायला नुकती सुरुवात झालेली असते.

याबद्दल एक कळकळीची विनंती. पुलावर पाणी आलेलं असेल तर मोजायला जाऊ नका. जत्राट-भिवशी आणि सिदनाळ-अक्कोळचे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. पाणी घोटाभर दिसलं तरी खालचा भराव जागेवर आहे की नाही हे वरून कुणालाच सांगता येत नाही. गुऱ्हाळाची काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) घेऊन नदीत उतरणारी माणसं मी पाहिली आहेत. पूर आलेल्या मळीतून, म्हणजे नदीकाठच्या शेतातून, म्हातारं माणूस आणायला काहील ठीक आहे, खांबाजवळच्या भोवऱ्यात नाही. कृष्णेवरच्या लोकांनी तर मगरींचाही विचार करायचा. आणि पंपाच्या स्टार्टरची लाइन बंद असल्याची खात्री करूनच जॅकवेलवर पाय ठेवायचा.

खड्डा किती खोल पडू शकतो, याचा हिशेब

हा हिशेब कमिटीतल्या कुणालाही करता येतो. मी आमच्याकडच्या सहावी शिकलेल्या पंपचालकाला शिकवला आहे आणि आता तोच मला तपासून देतो.

आधी वेग काढा. नदीच्या सरळ भागात काठावर 20 मीटर अंतरावर दोन खुणा करा. न सोललेला नारळ धारेत टाका. पहिल्या पुरात बायका नदीची ओटी भरतात तेव्हा नारळ सोडतातच, त्याच दिवशी घड्याळ घेऊन उभं राहिलं तरी चालतं. नारळ बहुतेक पाण्यात बुडून जातो, त्यामुळं वाऱ्यानं फारसा फसवत नाही. 20 मीटर जायला 8.5 सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला 2.35 मीटर. सरासरी वेग त्याच्या 0.85 पट, म्हणजे 2 मीटर. असं पाच वेळा करा आणि सरासरी घ्या.

आता साधा नियम: गोल खांबाभोवती वाळूच्या तळात खड्डा खांबाच्या रुंदीच्या जास्तीत जास्त 2.4 पट खोल पडतो. आमची विहीर तीन मीटर, म्हणजे 7.2 मीटर.

हे खूप वाटतं म्हणून दुसऱ्या बाजूनं तपासायचं. आपल्याकडच्या पुलांसाठी जे सूत्र वापरतात ते जेराल्ड लेसी या संयुक्त प्रांतातल्या पाटबंधारे इंजिनिअरच्या कामावर उभं आहे. त्याचा मूळ प्रबंध 1930 चा. सूत्र असं: नदीच्या एक मीटर रुंदीतून सेकंदाला जितकं घनमीटर पाणी जातं, त्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला गाळाच्या गुणांकानं भागायचं, घनमूळ काढायचं आणि 1.34 नं गुणायचं. गाळाचा गुणांक म्हणजे वाळूच्या कणाच्या मिलिमीटरमधल्या आकाराचं वर्गमूळ गुणिले 1.76. मध्यम वाळू, अर्धा मिलिमीटर कण, तर गुणांक 1.25 धरा.

आमचा आकडा: पुराच्या वेळी विहिरीशी पाणी 7 मीटर खोल, वेग 2 मीटर, म्हणजे एका मीटर रुंदीतून 14 घनमीटर. 14 चा वर्ग 196, भागिले 1.25 म्हणजे जवळजवळ 157, त्याचं घनमूळ 5.39, गुणिले 1.34 म्हणजे 7.2 मीटर. ही झाली सरासरी खोली. खांबापाशी याच्या दुप्पट धरतात, म्हणजे 14.4 मीटर. इथं बरेच जण चुकतात: ही खोली पुराच्या पाण्याच्या पातळीपासून मोजायची, तळापासून नाही. 14.4 मधून पाण्याचे 7 मीटर वजा केले की तळाखाली 7.4 मीटर उरतात. दोन वेगवेगळ्या वाटांनी आकडा 7.2 आणि 7.4 आला, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि पाया त्याही खाली हवा. खोल पायासाठी पुराच्या पातळीपासून खड्ड्याच्या खोलीच्या एक तृतीयांश अधिक घ्यायची पद्धत आहे, म्हणजे आमच्याकडं तळाखाली साधारण 12 मीटर. आमच्या विहिरीचा पाया होता साडेचार मीटर. 2005 साली ती पूर्ण का पडली नाही? खाली काळ्या चिकण मातीचा थर लागला म्हणून. चिकण माती वाळूपेक्षा हळू निघते. पण हळू म्हणजे निघतच नाही असं नाही. ती ढेकळांनी सुटते आणि दरवर्षी थोडी थोडी जाते. चिकण मातीवर निर्धास्त राहणाऱ्यांना मी हे बजावून सांगते.

या आकड्यात आणखी दोन वाढी येतात. पहिली तिरप्या पाण्याची. खांब गोल असेल तर फरक पडत नाही, पण लांबट खांब असेल, लांबी रुंदीच्या चौपट, आणि नदीनं वळण बदलून पाणी 15 अंशांनी तिरकं यायला लागलं, तर खड्डा दीडपट होतो. 30 अंशांनी आलं तर दुप्पट. जुने पूल बांधले तेव्हा नदी सरळ येत होती, आता मळी खचून वळली आहे, अशी ठिकाणं आमच्या भागात पुष्कळ आहेत. दुसरी वाढ कचऱ्याची. केंदाळ (जलपर्णी), उसाचा पाला, वाहून आलेलं बाभळीचं झाड खांबाला अडकलं की पाण्याच्या दृष्टीनं खांब तितका रुंद होतो. मीटरभराच्या खांबाला तीन मीटरचा ढीग अडकला तर तुमचा हिशेब मीटरभर खांबाचा राहत नाही. पूर ओसरल्या ओसरल्या पहिलं काम केंदाळ काढायचं, आणि पावसाळ्याआधी वरच्या अंगाची पडायला आलेली झाडं तोडायची.

उपाय: दगड, पण कसेही टाकलेले नव्हेत

2006 च्या उन्हाळ्यात आम्ही ज्या ठेकेदाराला काम दिलं त्यानं पायाभोवती काँक्रीटची जाड कॉलर ओतली. दिसायला भक्कम. मामंजी खूष झाले, मीही तेव्हा विरोध केला नाही. पहिल्याच साध्या पुरात पाण्यानं कॉलरच्या बाहेरच्या कडेखालची वाळू नेली, कॉलर अधांतरी लोंबली आणि मोडली. मोडलेले तुकडे आजही सळीला लागतात.

काँक्रीट ताठ असतं. खालचा तळ खचला की ते त्याच्याबरोबर खचत नाही. सुटे दगड खचतात. कडेला खड्डा पडला की त्यातले काही घसरून खड्ड्याच्या उतारावर बसतात आणि उतार झाकतात. आपल्याला हवं आहे ते हेच. म्हणून दगडांच्या फटींत सिमेंट घालून सगळं एकजीव करू नका, कितीही सुबक दिसलं तरी. तसं केलं की दगडांचंही काँक्रीट होतं.

दगड केवढा? वेग सेकंदाला 2 मीटर असेल आणि खांब गोल असेल तर मध्यम दगड सुमारे 19 सेंटिमीटरचा, वजन 15 किलोच्या आसपास. वेग 3 मीटर झाला की दगड लागतो 43 सेंटिमीटरचा आणि वजन 180 किलोच्या आसपास. वेग दीडपट वाढला आणि वजन अकरापटीहून जास्त. चौकोनी नाकाच्या खांबाला यापेक्षाही मोठा लागतो. म्हणून वेग मोजल्याशिवाय डबर (खाणीतला फोडलेला दगड) मागवू नका. वळणाच्या बाहेरच्या बाजूला धार जास्त जोराची असते, तिथं नदीचा सरासरी वेग धरून चालत नाही, त्याच जागेवर नारळ सोडावा लागतो.

दगड काळा, खाणीतला, टोकदार हवा. नदीतले गोल गोटे स्वस्त पडतात, पण ते एकमेकांवर बसत नाहीत, घरंगळतात. खानापूर-बेळगावकडचे लोक जांभा वापरायचा विचार करतात, कारण तो जवळ मिळतो. घराला जांभा उत्तम, नदीच्या तळाला नाही. तो हलका आणि सच्छिद्र असतो.

दगड किती लांबपर्यंत? खांबाच्या भिंतीपासून चारही बाजूंना रुंदीच्या दुप्पट. आमच्या तीन मीटरच्या विहिरीला सहा मीटर. जाडी मध्यम दगडाच्या तिप्पट, म्हणजे 60 सेंटिमीटर. हे सगळं मिळून 170 चौरस मीटर, 102 घनमीटर, म्हणजे 36 ब्रास. मीटिंगमध्ये हा आकडा सांगितला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एकरी वर्गणी काढून दोन हंगामांत काम केलं, आधी वरच्या अंगाचा अर्धा भाग, कारण खड्डा तिथंच सर्वात खोल.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. दगडांचा वरचा थर तळाच्या पातळीला हवा, त्याच्यावर ढीग नको. तळावर ढीग घातला की तो स्वतःच एक रुंद खांब होतो आणि त्याच्याभोवती नवा खड्डा पडतो. म्हणजे आधी भुसभुशीत गाळ उकरून काढायचा, जागा करायची, मग दगड बसवायचे. आम्ही दोन आवर्तनांच्या मधल्या नऊ दिवसांत जेसीबी लावून हे केलं. ट्रॉलीतून काठावरून दगड लोटून देणं म्हणजे पैसे नदीत टाकणं.

दगडांखाली गाळणी हवी, नाहीतर फटींतून खालची वाळू निघून जाते आणि दगड वर्षभरात वाळूत बुडतात. पाणी असताना कापड अंथरता येत नाही, म्हणून न विणलेल्या जिओटेक्स्टाईलच्या (पाणी जाऊ देणाऱ्या पण वाळू अडवणाऱ्या कापडाच्या) पिशव्या जाड वाळूनं भरून खाली रचायच्या. गाळणी भिंतीपासून दगडांच्या पट्ट्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच ठेवा, कडेपर्यंत नेऊ नका. कडेचे दगड मोकळे खचायला हवेत. गाळणी कडेला आली तर ती उघडी पडते, फडफडते आणि सगळं उचकटते. खताची रिकामी पोती वापरू नका, ती उन्हानं कुजतात. प्लास्टिकचा कागद तर मुळीच नको, त्याखाली पाण्याचा दाब अडकतो.

बंधारा असेल तर

थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडं जॅकवेल आहे. बंधाऱ्याला मोठा धोका खालच्या अंगाला, जिथं पाणी उडी मारतं तिथं. तिथला दगडी फरशीचा भाग आणि त्याच्या टोकाची खाली गेलेली भिंत दरवर्षी सळीनं तपासा. दुसरा धोका दोन्ही काठांना. बरगे, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवलेल्या फळ्या, पावसाळ्याआधी वेळेवर काढले नाहीत तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापतं, आणि मग बंधारा कोरडा उभा राहतो आणि नदी शेजारच्या मळीतून जाते. बरगे काढायची तारीख ठरावात लिहून ठेवा, कुणाच्या आठवणीवर सोडू नका.

वाळू

हे मी काळजीनं लिहिते. वाळूउपशानं तळ एकदम खाली गेला की वरचे सगळे हिशेब बिघडतात, कारण खड्डा नव्या, खालच्या तळापासून मोजला जातो. पोर्तुगालमध्ये दोउरो नदीवरचा हिंत्झ रिबेरो पूल 4 मार्च 2001 रोजी पडला, बससह 59 माणसं गेली. तिथं वर्षानुवर्षं वाळू काढली गेली होती आणि खांबाचा पाया उघडा पडला होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीक या नदीवरचा हमरस्त्याचा पूल 5 एप्रिल 1987 ला कोसळला, दहा माणसं गेली. तिथं पाया उथळ होता आणि पायाभोवतीचे संरक्षक दगड वाहून गेल्यावर परत भरले नव्हते. दोन्ही ठिकाणी घात झाला तो पाण्याखाली. पुलाच्या किंवा जॅकवेलच्या वरच्या-खालच्या अंगाला कुणी वाळू काढत असेल तर ते गावानं थांबवावं. कमिटीतल्या माणसाचं नातेवाईक असलं तरीही.

रस्त्याच्या पुलासाठी अर्ज

आपल्या जॅकवेलभोवतीचं काम आपण करतो, पण त्यालाही नदीपात्रात उतरण्याआधी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या. रस्त्याचा पूल सरकारचा, तिथं आपण दगड टाकायचे नाहीत, कळवायचं. अर्ज कन्नडमध्ये द्या, काम लवकर पुढं सरकतं. नेमके शब्द वापरा: पायाला 'अडिपाय', खांबाला 'कंब', खणून जाण्याला 'कोरेत'. "पूल धोक्यात आहे" एवढंच लिहून भागत नाही. लिहा: अमुक पुलाचा काठापासून तिसरा कंब, वरचा अंग, अमुक तारखेला सळी 1.8 मीटर गाळात गेली, गेल्या वर्षी 1.1 मीटर गेली होती. सोबत फोटो, ज्यात सळीवरची खूण दिसते. मी असे चार अर्ज दिले आहेत. आकडे नसलेला पहिला तसाच पडून राहिला. आकडे दिलेल्या दुसऱ्या अर्जानंतर तीन आठवड्यांत माणसं पाहणीला आली.

2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत यमगर्णीजवळ हमरस्त्यावर वेदगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरूची वाहतूक थांबली, तेव्हा आमची जॅकवेल छपरापर्यंत पाण्यात होती. दोन्ही वेळा पूर ओसरल्यावर मी ओळंबा लावला. 2005 चं वीतभर कलणं तेवढंच होतं, एक बोट वाढलेलं नव्हतं. 2019 ची साखळी 90 सेंटिमीटरवर वळलेली सापडली, ती दगडांच्या पट्ट्याच्या बाहेर लावलेली होती. 2021 ची 70 वर. वरच्या अंगाचे काही दगड उतरून कडेला बसले होते. त्यांची जागा भरायला 2022 च्या मे महिन्यात सात ब्रास काळा डबर टाकला.

मामंजी आता नाहीत. सळी पंपघराच्या दाराआड उभी आहे, वही खुंटीला टांगलेली आहे आणि पंपचालकाची मुलगी बेळगावात सिव्हिललाच आहे. सुट्टीला आली की पायाभोवतीच्या आठही जागा तीच मोजते. मी काठावर बसून आकडे लिहून घेते. यंदाची साखळी लावून झाली आहे, पुढची नोंद तांबडं पाणी आल्यावर.